पाचपोच नसलेली

रत्नम्माचा डावा हात पहिल्यांदा बांधला गेला तो उदगीरला, जेवणाच्या ताटावर. बांधणारी तिची आत्या, गुरम्मा. जुन्या लुगड्याचा काठ टर्रकन फाडून आत्यानं त्याची पट्टी केली, पोरीचं मनगट तिच्याच कमरेला करकचून आवळलं आणि म्हणाली, "आता गिळ."

पोर उजव्या हातानं वरणभात कालवायला गेली. भात ताटाबाहेर, वरण परकरावर. पंगतीतले सगळे हसले. बाप हसला, चुलते हसले. आईसुद्धा हसली, कारण आत्या आईच्या तोंडाकडं बघत होती.

"डावरी पोरगी म्हंजे घराला उलटं लावलेलं दार," गुरम्मा म्हणायची. "उद्या सासरी कुनाच्या पुढं ह्या हातानं पानी ठिवलं तर मानूस न पिता उठंल."

घर लिंगायताचं. सकाळची आंघोळ झाली की घरातलं एकूण एक माणूस गळ्यातलं इष्टलिंग सोडून डाव्या तळहातावर घेई आणि पूजेला बसे. भस्म उजव्या हातानं लावायचं, बेल उजव्या हातानं वाहायचा, पण देव बसतो तो डाव्या हातावर. रत्नम्मा ते रोज बघत होती. एकदा मठाचे स्वामी घरी आले असताना सगळ्यांच्या देखत तिनं विचारलं, "आत्या, देव डाव्या हातावर बसतो नव्हं? मग त्योच हात घान कसा?"

स्वामी खळखळून हसले. "पोरगी शानी हाय की हो तुमची," म्हणाले. दक्षिणा, पाद्यपूजा सगळं यथासांग झालं. स्वामींची पाठ वळली तशी गुरम्मानं चुलीतलं उलथनं काढलं आणि पोरीच्या डाव्या हाताच्या पाठीवर टेकवलं.

"देवाचा हात म्हनं! घे. दाखीव देवाला नैवेद्य."

हात पदराआड ठेवायला रत्नम्मा त्या दिवशी शिकली. तोंड आवरायला काही ती शिकली नाही. पण त्याचं कारण त्या बांधलेल्या हातातच होतं, आणि ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

उजव्या हातानं काही करायचं म्हटलं की रत्नम्माला सगळा जीव त्या हातात गोळा करावा लागे. वाटी कलते का, थेंब सांडतो का, पळी कुणाच्या मांडीवर तर पडत नाही ना. सगळं चित्त बोटांच्या टोकाला. आणि चित्त तिकडं राखणीला गेलं की इकडं जीभ बिनराखणीची. मनात असेल ते, असेल तसं बाहेर पडायचं. उलट ती एकटी असली, डावा हात मोकळा असला, की हात आपसूक चाले आणि तोंडात शब्द निवडून येई. पण एकट्या बाईचं शहाणपण ऐकायला भिंतीच असतात.

लातूरला नागराळ्यांच्या घरात ती सून म्हणून आली. नवरा मन्मथप्पा, बाजारपेठेत, गंजगोलाईच्या अंगाला स्टीलच्या भांड्यांचं दुकान. माणूस वाईट नव्हता. माणूस कसाच नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्याच पंगतीत रत्नम्मा चुलत सासऱ्यांना ताक वाढत होती. उजव्या हातात तांब्या सांभाळता सांभाळता तोंडातून गेलं, "मामा, कवळी लई नामी बसली की तुमची. खरे दात असे नसतेत."

मामांनी कवळी बसवलीय हे मामींनाही माहीत नव्हतं.

मग एका बारशाला, पाळण्याशी घुगऱ्या वाटताना: "लेकरू गोरंपान हाय. बापावर तर काहीच गेलं न्हाई." मग एका वास्तुशांतीला, मग एका साठीशांतीला. लोक म्हणू लागले, नागराळ्याची थोरली सून म्हणजे तोंडाला पाचपोच नाही. हात डावा, बोलणं डावं, बाईच डावी. बोलावणं द्यायला येणारे दारातूनच सांगत, "मन्मथप्पा, या बरं का. धाकल्या वहिनींना घेऊन या."

धाकली म्हणजे वर्षाराणी, रत्नम्माची जाऊ. सोलापूरची. नक्कल करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. हळदीकुंकवाला बायका जमल्या की कुणीतरी म्हणायचं, "वर्षाराणी, होऊन जाऊ दे." मग वर्षाराणी डावा हात पदरात कोंबायची, उजव्या हातात वाटी घेऊन लटलटत चालायची आणि समोरच्या बाईला हरखून विचारायची, "अगं माय, तुमचे मालक जिते हायत व्हय अजून?" बायका डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसायच्या. रत्नम्मापण हसायची. न हसून कुठं जाते?

एकच लेकरू झालं. आरती. बाळानं पहिल्यांदा खुळखुळा धरला तो उजव्या मुठीत, तेव्हा रत्नम्मानं सिद्धेश्वराला नारळ फोडला.

आरती हुशार निघाली. एम. ए. इंग्रजी झाली, लातुरातल्या एका मोठ्या शिकवणीत पोरांना इंग्रजी शिकवू लागली. बोलणं आखीव, वागणं रेखीव. कुणाच्या घरी काय न्यावं, कुठं किती हसावं, फोन कुणी आधी ठेवावा, सगळं तिला कळायचं. आईला घेऊन कुठं जावं लागू नये, हेही कळायचं. शाळेत असल्यापासून कळायचं.

पहिलं स्थळ निलंग्याचं आलं. रत्नम्मानं पोह्यांची ताटली मुलाच्या आईपुढं केली. उजव्या हातानं, अंगठ्यानं काठ दाबून, श्वास रोखून. आणि श्वास सोडता सोडता म्हणाली, "तुमच्या थोरल्या सुनेनं औषध पिलं होतं म्हनं. आता बरी हाय का?"

मुलाच्या आईनं ताटली खाली ठेवली. पोहे न खाता पाहुणे उठले. त्या सुनेचं पुढं काय झालं, हे नागराळ्यांच्या घरात कुणी विचारलं नाही. रत्नम्मानं विचारलं होतं, तेवढंच.

त्या संध्याकाळी आरती स्वयंपाकघरात येऊन खुर्चीवर बसली. रडली नाही. शिकवताना वापरायची तो आवाज काढला.

"आई, तुझ्यासाठी इंग्रजीत एक शब्द आहे."

"माज्यासाठी? इंग्रज मला कवा भेटले?"

"गोश. कुठं काय बोलावं, कसं वागावं याचा पोच नसलेलं माणूस म्हणजे गोश. आणि असं वागणं म्हणजे गोशरी."

दारातून वर्षाराणीनं नाकाला पदर लावला. "शिव शिव! आपल्या घरात गोश्ताचं नाव?"

"काकू, थांबा जरा." आरतीला हसू आलं होतं, ते तिनं दाबलं. "मूळ फ्रेंच आहे तो शब्द. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ डावा. डावा हात."

रत्नम्मा कणीक मळत होती. हात थांबला. "डावा म्हंजे ह्यो?"

"हाच. आणि उजव्यावरून त्यांनी कौशल्याचा शब्द केला. अड्रॉइट. हातात कसब असलेला. म्हणजे बघ, गुरम्मा आत्याच एकट्या म्हणत नव्हत्या. तिकडंही तेच. अख्ख्या जगानं ठरवून टाकलंय."

"ठरवताना कुन्या डावऱ्याला इचारलं होतं का?"

"आई, भाषा विचारून होत नसते."

रत्नम्मानं थोडं पाणी घालून कणीक पुन्हा एकत्र केली. मग म्हणाली, "अन् आधीपासनं डाव्याला त्योच शबूद होता?"

आरतीनं शब्दकोश बघितला होता, म्हणून तिला खोटं बोलता येईना. "नाही. डाव्याला त्यांचा दुसराच शब्द होता आधी. हा शब्द वाकडं जाणं, बाजूला वळणं अशा अर्थानं होता म्हणतात. मग तो डाव्या हाताला चिकटला. आणि जुना शब्द मागं पडला."

"म्हंजे नाव आधी तयार होतं," रत्नम्मा म्हणाली, "अन् हात मागनं धुंडला."

"हे बघ, हेच! हेच तुझं. मी काय सांगतेय, माझं स्थळ मोडलंय, आणि तू काय बोलून राहिलीस!" आरतीचं आखीव बोलणं सुटलं आणि लातूर बाहेर आलं. "लेकराचं वाटुळं केलंस तू आज. कळतंय का तुला? का तेबी कळत न्हाई?"

रत्नम्मानं कणकेचा गोळा झाकून ठेवला. कळत होतं.

दुसरं स्थळ आलं नांदेडचं. वडील आप्पासाहेब, अर्धापूरच्या केळीचा व्यापार; आई उमादेवी; मुलगा श्रीशैल, पुण्यात नोकरीला. श्रीशैल आणि आरती दोन-तीनदा पुण्यात भेटलेही होते. पसंती झाली होती. आता थोरली माणसं बोलणी करायला यायची होती.

बैठक बसली ती आदल्या दिवशी, जेवणाच्या टेबलाशी. मन्मथप्पापुढं वर्तमानपत्र होतं.

"जाऊबाईंना ताप हाय म्हनायचं," वर्षाराणी म्हणाली. "मी काकू म्हनून बसते की. आईची उणीव भासू देत न्हाई."

"मी गप बसंन," रत्नम्मा म्हणाली.

"तुझ्यानं होत नाही ते." आरती आईच्या जवळ येऊन बसली. आईचा हात तिनं हातात घेतला. उजवा. "राग धरू नको. तू ताटली उचललीस की मी तुझ्या तोंडाकडंच बघत बसते ग. आता काय बोलेल, आता काय बोलेल. मला श्रीशैल आवडलाय. मला त्या घरात जायचंय. एक दिवस. एवढा एक दिवस तू नसलीस तर होईल माझं."

मन्मथप्पानं पान उलटलं. "एका दिवसाचं तर हाय," तो वर्तमानपत्राला म्हणाला.

रत्नम्मानं लेकीकडं बघितलं. "सैपाक मी करते. भायेर येत न्हाई."

"कुणी आत आलं तर? कोण म्हणून विचारलं तर?"

"चुलीपुढच्या बाईला कोन इचारतंय?"

पाहुणे आले, खुर्च्या सरकल्या, हसणं सुरू झालं. आत रत्नम्मा एकटी. तिनं पदर खोचला, डावा हात मोकळा केला आणि पुरणपोळ्या लाटायला घेतल्या. तिच्या हातची पोळी म्हणजे आतलं पुरण बाहेरून दिसावं इतकी पातळ. ही चव नागराळ्यांच्या घरात वर्षानुवर्षं सगळ्यांनी खाल्ली होती, पण हात कुठला लागतो ते बघायला कुणी आत आलं नव्हतं.

कटाच्या आमटीचा थेंब साडीवर पडला म्हणून उमादेवी मागच्या नळाला जायला आत आल्या. दारातच थबकल्या.

"अगंबाई! डावऱ्या हातानं!"

रत्नम्माचं लाटणं थांबलं. हात आपसूक पदराखाली गेला.

"झाकता कामून? माझा सख्खा भाऊ डावरा. तव्यावरची बघा, करपून राहिली."

रत्नम्मानं पोळी उलटली. डाव्याच हातानं. उमादेवींनी नळाखाली पदराचं टोक चोळलं, पिळलं आणि मग तिथंच उभ्या राहिल्या. बाहेर वर्षाराणीचा आवाज चढलेला होता. उमादेवींनी दार थोडं लोटून घेतलं.

"ह्यांच्याकडं कायमच्या हाव का तुम्ही?"

"हाव. लई वर्षं झाली."

"मग एक विचारते, बाई. तिकडं सगळे साखर पेरून राहिले, काही कळत नाही. मुलीची आई कुठंय? ताप म्हणतात. पण लेकीच्या लग्नाची बोलणी अन् आई दारात उभी राहून दोन शब्द बोलत नाही? असा कसा ताप?" त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "काही डोक्याचं बिक्याचं नाही ना? घराण्यात? खरं सांगा. माझ्या एकुलत्या एक लेकाचा सवाल आहे."

मी आई, म्हणावं तर घर खोटं पडत होतं. गप्प राहावं तर बाई येडी ठरत होती, आणि येडीची लेक कोण करतं? रत्नम्मानं पुरणाचा गोळा कणकेच्या उंड्यात भरला, उंड्याचं तोंड मिटवलं, तो पिठात घोळवला. डावा हात चालत होता. आणि हात चालत होता म्हणून शब्द निवडून आले.

"ताप हाय बाई. खरा. डोकं शाबूत हाय तिचं. कुनाच्यात काही न्हाई तसलं."

"स्वभावाला कशी?"

"लोक हसतेत तिला. बोलू ने ते बोलते. पर कुनाचं वाईट चितत न्हाई."

"आणि मुलगी?"

रत्नम्मानं पोळी तव्यावर टाकली. "मुलगी लई शानी हाय. चारचौघांत कसं वागावं ते तिच्याकडनं शिकावं." पोळी फुगली. "आईवर गेली न्हाई."

उमादेवी मनमोकळं हसल्या. एवढंच ऐकायला त्या आत आल्या होत्या. बाहेर जाऊन बसल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "फोडा सुपारी." मग वर्षाराणीकडं वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, "तुमची ती सैपाकाची बाई लाखात एक आहे हो. पोळी तर आहेच, पण बोलणं! किती समजून, किती पोच ठेवून बोलते! सांभाळा तिला."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी रत्नम्माच्या बोलण्याला पोच आहे म्हणालं. ती आत, दाराला पाठ लावून ऐकत होती. बाहेर वर्षाराणीला ठसका लागला होता.

पाहुणे गेल्यावर घरभर हसण्याचा नुसता पूर आला. "पोच ठेवून!" वर्षाराणी पोट धरून म्हणे. "आमच्या जाऊबाई! पोच ठेवून!" आणि लगेच तिनं नवी नक्कल उभी केली: स्वयंपाकीण रत्नम्मा. आरतीनं आईला मिठी मारली.

"त्या बाईला डाव्याचं काही न्हाई," रत्नम्मा लेकीच्या खांद्यावरून म्हणाली. "भाऊ डावरा हाय तिचा. सांगून टाकू का आता, मीच आई म्हनून?"

मिठी सैल झाली.

"आता? आता काय सांगायचं? की आम्ही माझ्या आईला लपवलं, स्वयंपाकीण म्हणून खपवलं? त्या काय म्हणतील मला?" आरतीनं केस मागं सारले. "लग्न होऊ दे. मग मी सांगेन हळूच. हसण्यावारी नेतील."

"अन् लग्नात?"

"लग्नात बघू."

पुढच्या पंधरवड्यात उमादेवींचा फोन आला. लग्नाची साडी बघायला लातूरला येतोय, आणि तेवढ्यात विहीणबाईंनाही भेटून जाऊ. "त्यांना डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी अक्षता टाकायची नाही. आजारी बाईला न भेटता मुलगी उचलून नेली, असं नको व्हायला." भल्या बाईचं बोलणं. घराला घाम फुटला.

उपाय वर्षाराणीनंच काढला. मन्मथप्पाची मावसबहीण गंगम्मा, रेणापूरची. वयानं तेवढीच, सवाष्ण, आणि नांदेडच्या लोकांनी कधी न बघितलेली. "एक तास पलंगावर पडायचं, कण्हायचं, बास. लग्नात तब्येत आणखी बिघडली म्हनू, म्हंजे प्रश्नच मिटला."

सगळ्यांनी रत्नम्माकडं बघितलं.

"अन् मी?"

"त्या तुझी चौकशी करणार, आई," आरती म्हणाली. "पोळीवाली बाई कुठंय म्हणून. तू लागशीलच."

रत्नम्माचाच पलंग, तिचीच चादर. तिची इरकल रत्नम्मानं स्वतः कपाटातून काढून गंगम्माला नेसवली, निऱ्या खोचून दिल्या. गंगम्मा भित्री. "वैनी, मला पाप लागंल का वं?" म्हणाली.

"पड गप. उशी देऊ का अजून?"

उमादेवी आल्या. हातात केळीची फणी, पिशवीत नारळ, खण, तांदूळ. पलंगाशी खुर्ची ओढून त्यांनी गंगम्माचा हात हातात घेतला. गंगम्मा गरजेपेक्षा जास्तच कण्हली. वर्षाराणीनं ओठ चावला.

"विहीणबाई, लेकीची काळजी सोडा आता. आजपास्नं ती माझी." उमादेवींचे डोळे भरून आले होते. त्यांनी गंगम्माला कुंकू लावलं, ओटी भरली. नारळ, खण, तांदूळ. रत्नम्माच्या इरकलीच्या पदरात.

रत्नम्मा चहा घेऊन दारात उभी होती. ट्रे तिनं डाव्या हातावर पेलला होता. स्वयंपाकिणीला सगळे हात माफ.

"या, या!" उमादेवींचा चेहरा उजळला. "हिच्याच बोलण्यावर मी हे लग्न ठरवलं, माहीत आहे का? बाहेर सगळे बोलून राहिले होते, पण माझं मन हिनं शांत केलं. थांबा, तुमचीपण ओटी भरते." त्यांनी पिशवीतून दुसरा नारळ काढला, खण काढला. आणि खण उलगडता उलगडता, नारळ मांडीवर घेऊन, अगदी सहज विचारलं, "लेकरं किती तुम्हाला? कुठं असतात?"

मन्मथप्पानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं तोंड केलं. वर्षाराणीचं हसू होतं तिथंच वाळलं. गंगम्मा कण्हायची विसरली.

आरती उमादेवींच्या खुर्चीमागं उभी होती. रत्नम्मानं तिच्याकडं बघितलं. एवढंच बघायचं होतं तिला. उत्तर तिच्याकडं तयार होतं, आयुष्यभर तयार होतं, जिभेच्या शेंड्यावर. फक्त लेकीनं अडवायला नको होतं.

आरतीची मान हलली. एवढीशी. डावीकडून उजवीकडं. नाही.

"लेकरू न्हाई मला, बाई," रत्नम्मा म्हणाली. ट्रेमधला एक कपही हलला नाही.

"अरेरे." उमादेवींचा हात नारळावर होता, तो तिथंच थांबला. त्या वाईट बाई नव्हत्या. पण लग्नाच्या तोंडावर, जिला मूलबाळ नाही तिची ओटी भरायची नसते, हे त्यांच्या आईनं आणि सासूनं त्यांना शिकवलं होतं. त्यांनी नारळ हळूच परत पिशवीत सारला. तांदळाची पुडी तशीच ठेवली. खण तेवढा पुढं केला. "असू दे. देवाची मर्जी. हा खण घ्या, चोळी शिवा. आणि एक केळ घ्या, अर्धापूरचं आहे. गोड लागेल."

रत्नम्मानं ट्रे खाली ठेवला, खण घेतला, केळ घेतलं.

"किती शांत आहे बघा," उमादेवी गंगम्माला म्हणाल्या. "दुःख आहे, पण कुणाला लागेल असा एक शब्द तोंडातून नाही."

रत्नम्मा स्वयंपाकघरात आली. केळ ओट्यावर ठेवलं. परातीत कणीक होती, तवा तापत होता, जाताना पाहुण्यांना पोळ्या बांधून द्यायच्या होत्या. तिनं लाटणं घेतलं.

पाठोपाठ आरती धावत आत आली. दार लोटलं, आईला मागून घट्ट धरलं. तिच्या हृदयाची धडधड रत्नम्माच्या पाठीला लागत होती. भीती सुटल्यावरची धडधड.

"आई ग! काय सांभाळलंस! मला वाटलं, गेलं आता सगळं. काय सुंदर सांभाळलंस, आई!"

लाटणं चालू राहिलं. पोळी गोल, पातळ, एका लयीत फिरत होती.

"आई?"

"कुनाला हाक मारून राहिल्या, बाई?" रत्नम्मा वर न बघता म्हणाली. आवाजात राग नव्हता. पाहुण्यांशी बोलावं तसा, नीट, निवडलेला आवाज होता. "तुमची आई पलंगावर हाय."

आरती हसली. मग हसू थांबवून आईच्या तोंडाकडं बघत राहिली, की ती कधी हसते.

बाहेरून उमादेवींची हाक आली, "आरती, ये ग! आम्ही निघतो. जायच्या आधी आईच्या पाया पड बघू माझ्यासमोर. तेवढं बघून जाते."

आरती दाराशी गेली. एकदा वळून बघितलं. मग पदर नीट केला, चेहऱ्यावर जेवढं हसू हवं तेवढं आणलं आणि बाहेर गेली. उघड्या दारातून पलंगाचा पायथा दिसत होता. आरती वाकली, गंगम्माच्या पायांवर दोन्ही हात टेकवले, कपाळ टेकवलं.

"अखंड सौभाग्यवती हो," गंगम्मा चाचरत म्हणाली.

रत्नम्मानं पोळी तव्यावर टाकली आणि पुढचा उंडा घेतला.